बिनखिशाची

टेलरबाईकडे कपडे शिवायला टाकायचे, तर एक गोष्ट कबूल करूनच टाकावे लागत. खिसा मिळणार. मागितला असो वा नसो. शाळेचा फ्रॉक असू दे, समारंभाचा झगा असू दे, नाहीतर एखाद्या आजीबाईंचा घरात घालायचा गाऊन असू दे, डाव्या बाजूच्या शिवणीत एक खिसा असणारच. तोही रुमालाचं टोक कोंबण्यापुरता नव्हे, चांगला मनगटापर्यंत हात जाईल असा. "मला नको होता हो," म्हणून कुरकुरत गेलेल्या बायका थोड्या दिवसांनी जुन्या कपड्यांची पिशवी घेऊन परत येत, आणि यांनाही लावून द्या म्हणत. डावीकडेच का, असं कुणी विचारलं तर टेलरबाई तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणे, "उजवा हात कामाचा असतो."

आता एवढं खिशांचं वेड, तर बाईच्या स्वतःच्या कपड्यांना किती खिसे असतील? एकही नाही. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात, खडू कानावर, असा तिचा सगळा संसार अंगाखांद्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

या खिशांचं मूळ तिच्या लहानपणात होतं. तिचे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर पोट फाडून ठेवलेले रेडिओ, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन पोरं, थोरला दादा आणि धाकटी ही. बाबांचा एक नियम होता. नवं जोडलेलं किंवा नुकतंच दुरुस्त केलेलं यंत्र पहिल्यांदा चालू करायचं ते उजव्या हातानं, आणि तेव्हा डावा हात खिशात. दोन्ही हात यंत्रावर असले आणि कुठे काही चुकलेलं असलं, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाते. एक हात खिशात असला की तो रस्ताच बंद. नियम शहाणपणाचा होता, त्यात खोट काढायला जागा नाही. दादाच्या चड्डीला खिसा होता. हिच्या फ्रॉकला नव्हता.

"तुला खिसा नाही ना बाळा, मग तू मागे हो," बाबा म्हणायचे. अगदी मायेनं म्हणायचे. हात पाठीमागे धरते म्हटलं तर म्हणायचे, पाठीमागचा हात घाबरला की पुढे येतो, खिशातला येत नाही. मग कधी बाबा, कधी ऐटीत दादा खिशात हात घालून बटण दाबायचा आणि ही दाराच्या चौकटीशी उभी राहून बघायची. तारा सोलून द्यायला ही, स्क्रू शोधून द्यायला ही, तारेची वेटोळी सुबक गुंडाळायला तर हीच. बटण दाबायला दादा. त्यानं तेव्हा तिला एक नाव ठेवलं, 'बिनखिशे', आणि दोघांचे केस पिकले तरी ते नाव काही गेलं नाही.

दादाचं पुढे नाव झालं. पोटापाण्याला त्यानं वीजमंडळात नोकरी केली, पण जीव घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरांमध्ये. शहरातल्या अशा हौशी मंडळींचा वर्षातून एकदा मेळावा भरे. प्रत्येकानं आपापलं यंत्र आणायचं, झाकण उघडून दाखवायचं, मग सगळ्यांसमोर वाजवायचं. पण वाजवण्याआधी यंत्र दादाच्या टेबलावरून जायला हवं. पेटीला अर्थिंग नीट आहे की नाही, म्हणजे पेटीत उतरलेली वीज जमिनीकडे जाईल की माणसाच्या अंगात, हे तो मीटर लावून तपासे, आणि मीटर वाजला नाही तर कितीही मोठा माणूस असो, प्लग लावू देत नसे. त्यावरून मंडळी त्याला अर्थिंगकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे.

गेल्या वर्षीच्या मेळाव्याला टेलरबाई दादाबरोबर गेली होती, त्याची मीटरची पिशवी सांभाळायला. कुणाच्या तरी उघड्या यंत्रात डोकावून ती म्हणाली, "ही तार इथून नेलीय, ती भुणभुण करणार." यंत्र लावलं, आणि खरंच भुणभुणलं. लोक कौतुकानं बघायला लागले. तेव्हा दादा हसून म्हणाला, "माझी बहीण आहे. हिला यातलं सगळं कळतं. फक्त हात लावायला घाबरते."

घाबरते! टेलरबाईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की घरी येईपर्यंत ती दादाशी एक अक्षर बोलली नाही. आयुष्यभर मागे हो, मागे हो म्हणायचं, आणि मागे उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणायचं घाबरते. त्याच आठवड्यात तिनं ठरवलं. पुढच्या मेळाव्याला स्वतःच्या हातानं बनवलेला ॲम्प्लिफायर न्यायचा, दादाच्या टेबलावर ठेवायचा, आणि सगळ्यांदेखत स्वतः चालू करायचा. दादाचं बोट त्याला लागता कामा नये. विचारायलासुद्धा जायचं नाही.

नवरा बसचालक. त्याला ही बातमी जेवताना कळली. तो म्हणाला, "म्हणजे आता भाकरी कुणी थापायची?"

"तुम्ही."

"बरं," तो म्हणाला, आणि प्रश्न मिटला. असे नवरे कमी असतात, पण असतात.

काम दुकानातच सुरू झालं. शिलाईयंत्राच्या टेबलाला एक शिकंजा आवळला, कापडांच्या गठ्ठ्यांवर जुनी चादर टाकली. आतल्या जोडणीचं तिला अवघड गेलं नाही. बारीक तारा, सोल्डरचे बारीक डाग, डोळा आणि हात स्थिर हवा, आणि हा जिन्नस टेलरबाईकडे भरपूर होता. गल्लीच्या टोकाच्या पत्रेवाल्यानं ॲल्युमिनियमची पेटी करून दिली. बाहेरून काळा रंग, आतून नागडा चकचकीत पत्रा. मागची पट्टी सुटी, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. त्या मागच्या पट्टीत सगळी भोकं पाडायची होती. एका टोकाला विजेची वायर खुपसायचं सॉकेट, मध्ये स्पीकरच्या तारांसाठी लाल-काळी टर्मिनलं, दुसऱ्या टोकाला गाणं आत येण्याची नाजूक सॉकेटं. वीज आणि गाणं जितकं लांब ठेवाल तितकं बरं, जवळ आले की वीज गाण्यात नाक खुपसते आणि भुणभुण ऐकू येते.

गोल भोकं काय, ड्रिलनं कुणीही पाडेल. परीक्षा असते ती विजेच्या सॉकेटच्या भोकाची. ते चौकोनी. चौकोनी ड्रिल अजून कुणी जन्माला घातलेलं नाही. आधी रेघ आखायची, मग तिच्या आत लहान लहान भोकांची रांग पाडायची, मधला तुकडा काढायचा, आणि मग कानस घेऊन बसायचं. घास, सॉकेट लावून बघ, पुन्हा घास. इथेच भलेभले हौशी घाई करतात. भोक वाकडं होतं, सॉकेट खुळखुळ हलतं, मग वर गोंद थापून 'मुद्दाम केलंय' म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं.

टेलरबाईला मात्र ते भोक बघताच हसू आलं. हे तर काज! बटण जाईल पण सैल नको, घट्ट पण फाटेल इतकं नको. आजवर किती काजं केली असतील त्याची गणती नव्हती. तिनं पट्टी पालथी घातली, दाभणानं पत्र्यावर रेघा ओढल्या. मधली घडी कुठे येते त्याची खूण, प्रत्येक भोकाच्या मध्यावर फुली, आणि सॉकेटच्या चौकोनाच्या आत आणखी एक बारीक चौकोन, माया सोडलेली. कापडाला शिवणीसाठी माया सोडतात, तशी तिनं कानशीसाठी सोडली. मग ती माया थोडी थोडी घासत आणली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा दुकानातून कानशीचा आवाज यायचा, आणि पत्र्याचा चुरा तिच्या मांडीवरच्या फडक्यात साठायचा.

ज्या दुपारी सॉकेट एका हलक्या दाबानं 'टक्' करून बसलं, त्या दुपारी तिनं नवऱ्याला बसच्या थांब्यावरून बोलावून आणलं. बाजूंना केस जाईल इतकीसुद्धा फट नव्हती.

"कसं आहे?"

"भोक कुठाय?" नवरा म्हणाला. "मला दिसतच नाहीये."

याहून मोठं कौतुक तिला कुणी करू शकलं नसतं. ती स्वतःशीच खूश होऊन रात्रीपर्यंत गुणगुणत राहिली. गर्व असाही असतो, कुणाला न टोचणारा.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी पेटीला लावायला घेतली, आणि बघते तर काय. विजेचं सॉकेट भलत्याच टोकाला आलं होतं. ट्रान्सफॉर्मर पेटीत एका बाजूला, सॉकेट दुसऱ्या बाजूला, गाण्याच्या नाजूक भागाच्या मांडीला मांडी लावून. सगळंच उलटं. तिनं भोकांच्या जागांचा कागदावरचा नकाशा पाहिला, पट्टी पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. मग कपाळावर हात मारला.

चूक लोहारानं केली नसती, सुतारानं केली नसती. ही चूक फक्त शिंप्याच्या हातून होणार. कापडावर खूण नेहमी उलट्या बाजूनं करायची, म्हणजे खडू सुलट्यावर दिसत नाही. इतक्या वर्षांचा हात तो. पट्टी हातात येताच त्यानं ती आपसूक पालथी केली आणि आतल्या नागड्या बाजूवर आखणी केली. नकाशा मात्र बाहेरून बघितल्याप्रमाणे काढलेला होता. कपड्याला दोन बाह्या असतात, डावी उलटी कापली गेली तर ती उजवी म्हणून खपून जाते. पत्र्याला दुसरी बाही नसते.

"नवी पट्टी करून घे ना," नवरा म्हणाला.

"आणि ते काज?"

"पुन्हा कर."

टेलरबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून भाकरी थापायला गेला. पुन्हा! एखादी गोष्ट हातातून एकदाच तशी उतरते. तिनं पट्टी समोर धरली, आणि मग, कुठल्याही शिंपिणीला सुचलं असतं तेच तिला सुचलं. उलटा शिवलेला कपडा सरळ कसा करतात? उलटून. तिनं पट्टी फिरवली. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. सगळी भोकं मुकाट्यानं आपापल्या जागी गेली.

फक्त आता काळा रंग आत गेला, आणि बाहेर आली चकचकीत नागडी बाजू, तिच्या सगळ्या रेघांसकट. मधली घडी, फुल्या, मायेचा राहिलेला कोपरा. कपड्याची उलटी बाजू लोकांना दाखवायची म्हणजे शिंप्याला नागवं उभं केल्यासारखंच. ती रंग आणायला उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. रेघांवर बोट फिरवलं. एक रेघ दुसरीला भेटते तिथे जराही पुढे गेलेली नव्हती. हे काय लपवायचं? जे बघतील ते बघतील.

तिनं पट्टी लावली, वायर जोडली, अर्थिंगची तार सॉकेटजवळच्या बोल्टला आवळली, मीटर लावून तपासलं. वाजला. सगळं ठीक. आणि मग तिला एक अवदसा आठवली. रेघा हाताळून पुसट होतील म्हणून तिनं पट्टी पुन्हा उतरवली, दोन्ही बाजूंना पारदर्शक व्हार्निशचा हात दिला, सुकवली, आणि परत लावली. त्यानंतर मीटर लावला नाही. एकदा मापात बसलेला कपडा इस्त्री केल्यावर पुन्हा कोण मोजतं?

मेळाव्याच्या दिवशी सकाळी तिनं आपला निळा झगा काढला, डाव्या बाजूची शिवण उसवली आणि बसल्या बसल्या खिसा लावला. मनगटापर्यंत हात जाईल असा. नवरा दारात चहा पीत बघत होता. त्याला त्या खिशाची गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे तो काही बोलला नाही. हे त्याचं आणखी एक चांगलं होतं. निघताना तिनं सवयीनं खडू कानावर अडकवला, मग आठवून तो काढून खिशात टाकला.

मेळावा एका वाचनालयाच्या वरच्या दालनात होता. दादा काळा कोट घालून आपल्या टेबलामागे बसला होता. बहिणीच्या हातात पेटी आणि मागून येणाऱ्या मेहुण्याच्या हातात वायरी बघून त्याला आधी वाटलं, कुणाचं तरी सामान आणून देतायत.

"कुणाचं गं?"

"माझं."

"तुझं म्हणजे?"

"माझं म्हणजे माझं. दादा, आता तू अर्थिंगकाका आहेस. तपास."

दादाच्या चेहऱ्यावर एकदम इतकं काही येऊन गेलं की त्यानं ते लपवायला चष्मा पुसायला घेतला. मग झाकण उघडून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. तारा जुड्या बांधल्यासारख्या, प्रत्येक डाग मोत्याएवढा. पेटी फिरवली, मागची पट्टी बघितली, रेघांपाशी थबकला. मग सॉकेटच्या कडेनं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. टेबलाभोवती चार माणसं जमली होती, त्यातल्या एकानं शीळ घातली.

मग दादानं मीटर घेतला. एक टोक सॉकेटच्या मधल्या, अर्थिंगच्या पिनेला, दुसरं पेटीच्या आतल्या उघड्या पत्र्याला.

मीटर वाजला नाही.

दादानं टोकं एकमेकांना लावून पाहिली. मीटर वाजला. पुन्हा पेटीला लावली. नाही. कुणीतरी घसा खाकरला. दादाचा चेहरा बघवत नव्हता. त्याला बहिणीला नापास करायचं नव्हतं, पण ज्या टेबलावर त्यानं मोठमोठ्या लोकांना परत पाठवलं होतं त्याच टेबलावर ती उभी होती.

"नापास," तो हळू आवाजात म्हणाला. आणि मग लगेच, त्याहून हळू, "दे इकडे. काहीतरी बारीकसं असणार. मी बघतो, कुणाला कळणार नाही."

टेलरबाईचे कान तापले होते. सगळ्यांदेखत हात दाखवून अवलक्षण झालं होतं. पण पेटी तिनं आपल्याकडे ओढली.

"हात लावू नकोस. नियम काय आहे?"

नियम दादानंच केलेला होता आणि भिंतीपेक्षा सरळ होता. नापास झालेल्यानं शेवटचं यंत्र तपासून होण्याआधी स्वतःच्या हातानं दुरुस्ती करून आणायची. दुसऱ्याचा हात लागला तर पुढच्या वर्षी या.

"अगं पण..."

"किती राहिलेत?"

दादानं रांगेकडे पाहिलं. "दोघं."

ती पेटी घेऊन खिडकीशी गेली. नवरा शेजारी उभा राहिला. घरी वाजला होता, मग इथे का नाही? मध्ये काय बदललं? तार तीच, बोल्ट तोच. तिनं बोल्टवर बोट ठेवलं. त्याखाली आतून काळा रंग, हे तिला ठाऊक होतं. पण बाहेरून बोल्टचं डोकं नागड्या पत्र्याला टेकलेलं होतं, तिथून वीज जात होती. होती! आणि त्या नागड्या पत्र्यावर आता काय होतं? तिनं नखानं खरवडलं. नखाखाली पातळ, काचेसारखी साल आली.

"व्हार्निश," ती म्हणाली. "मिरवायला गेले ना मी."

"म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे रेघा दिसाव्यात म्हणून पट्टीला काचेत बसवलं. ना इकडून लागतं, ना तिकडून."

शिवण उसवायचं छोटं पातं तिच्या पर्समध्ये कायम असे. तिनं बोल्ट सोडला आणि त्याच्याभोवतीचं व्हार्निश नि रंग खरवडायला लागली. हात चालत होता, डोळा शांत होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या वाकड्या शिवणी उसवल्या होत्या, आज आपली उसवायची, एवढंच. पत्रा चकाकला तसा तिनं बोल्ट पुन्हा आवळला, खाली दातेरी वॉशर घालून, म्हणजे तो पत्र्यात दात रोवून बसेल. तेवढ्यात दादाच्या टेबलावर मीटर वाजला. एक जण पास.

"झालं?" नवरा म्हणाला. "चल."

ती उठली आणि परत बसली. "नाही झालं. पट्टीला लागलं. पण पट्टी पेटीला कुठे लागतेय? व्हार्निश मी सगळीकडे फासलंय." चार कोपरे, चार स्क्रू. एकेक सोडायचा, खरवडायचा, आवळायचा. नवरा पुढे होऊन स्क्रू धरायला लागला, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "तुमचाही हात नको." बिचाऱ्यानं दोन्ही हात वर केले. शेवटचा स्क्रू आवळताना टेबलाकडे बघायची तिची छाती झाली नाही.

ती टेबलाशी पोचली तेव्हा शेवटचा माणूस आपलं झाकण बंद करत होता, जरा जास्तच सावकाश. त्याच्या लक्षात आलं असावं. जगात अशी माणसं भेटतात म्हणून बरं.

दादानं मीटर लावला. मीटर असा खणखणीत वाजला की मागच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. दादानं पट्टीला लावला, झाकणाला लावला, तळाला लावला, एकेका स्क्रूला लावला. गरज नव्हती. त्याला ते ऐकत राहायचं होतं.

"पास," तो म्हणाला. या वेळी मोठ्यानं.

पेटी मधल्या टेबलावर गेली. स्पीकर जोडले. कुणीतरी एक तबकडी लावून तयार ठेवली. वायरीचं टोक सॉकेटमध्ये 'टक्' करून बसलं, अगदी दुकानातल्या त्या दुपारसारखं. भोवती कोंडाळं झालं. सवयीनं दादा एक पाऊल पुढे आला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. तो मागे झाला. भिंतीशी जाऊन उभा राहिला.

टेलरबाईनं डावा हात खिशात घातला.

हे बाकी कुणाला कळलं नाही. एका बाईनं खिशात हात घातला, त्यात काय? पण भिंतीशी उभ्या असलेल्या पिकल्या केसांच्या माणसाला कळलं. त्यानं तोंडावर हात धरला.

तिनं उजव्या हातानं बटण दाबलं.

लाल दिवा लागला आणि बाकी काही झालं नाही. ना फट्, ना भुणभुण. एक जण जाऊन स्पीकरला कान लावून उभा राहिला. "चालू आहे ना?" त्यानं विचारलं.

"दिवा दिसत नाही का?" नवरा मागून ओरडला. दिवसभर आवाज दाबून धरल्याची त्यानं भरपाई केली.

मग सुई तबकडीवर टेकली, आणि त्या शांततेतून एक सनई इतकी स्वच्छ वर आली की वाजवणाऱ्यानं श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. टेलरबाई आपल्या पेटीशेजारी ताठ उभी होती आणि तिला वाटत होतं, बघा. ही मी केली. हिच्यात एक तार अशी नाही जी मला ठाऊक नाही. इतका अभिमान तिला कधी कुठल्या झग्याचा वाटला नव्हता, आणि तिनं काही कमी झगे शिवले नव्हते.

गाणं संपल्यावर लोक पट्टीपाशी वाकले. रेघा बाहेर का ठेवल्या, असं एकानं विचारलं.

"मापं बरोबर असली की उलटी बाजूही दाखवता येते," ती म्हणाली. मग खरं तेही सांगून टाकलं, "आणि आधी पट्टी चुकून पालथी आखली होती." लोक हसले, तीही हसली.

"कुणी शिकवलं?" दुसऱ्यानं विचारलं आणि दादाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," दादा म्हणाला. "माझं बोटसुद्धा लागलेलं नाही. ही माझ्या बहिणीनं केलीय. एकटीनं." शेवटचा शब्द त्यानं असा म्हटला की जणू स्वतःचंच काही सांगतोय.

गर्दी पांगल्यावर तो जवळ आला. तिचा डावा हात अजून खिशातच होता.

"काढ आता तो," तो म्हणाला.

तिनं हात बाहेर काढला. हात मनगटापर्यंत पांढरा झाला होता. खिशातल्या खडूचा तिनं मुठीत पार भुगा केला होता आणि तिला पत्ताही नव्हता.

दादा त्या हाताकडे बघत राहिला. "घाबरली होतीस?"

"हो," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? "मग? घाबरले म्हणून काय झालं? दाबलं ना बटण."

"बाबांचा खिसा हलायचा," दादा म्हणाला.

"काय?"

"तू मागे असायचीस, तुला दिसत नसे. मी शेजारी असायचो. बाबा बटण दाबायचे तेव्हा दर वेळी त्यांचा खिसा थरथरायचा. आणि मी दाबायचो तेव्हा माझाही. अजून थरथरतो. आणि मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं..."

टेलरबाईनं त्याचा दंड धरला, तोच पांढरा हात. सोडला तेव्हा काळ्या कोटाच्या बाहीवर पाचही बोटं उमटलेली होती. "अरे देवा," ती म्हणाली आणि झटकायला गेली.

"राहू दे गं," दादानं बाही मागे घेतली. मग दालन बंद होईपर्यंत तो ती बाही पुढे करून सगळीकडे हिंडला, आणि कुणी कोटाला काय लागलंय म्हणून विचारलं की मधल्या टेबलावरची पेटी दाखवून सांगत राहिला.